उतरणं बघणारी सोन-सान

जानेवारीचा शेवटचा आठवडा होता. दुपारच्या सुट्टीत ऑफिसखालच्या कोनबिनी या चोवीस तासांच्या दुकानात ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, घ्यायला रांगेत उभी होते, तेव्हा ओनोदेरा-सानचा फोन आला. ओनोदेरा-सान म्हणजे जपानमधल्या सेंदाई शहरातल्या आमच्या स्टेशनाजवळचे सायकलदुरुस्तीवाले. मोजकं बोलणारे, फोन तर सहसा करतच नाहीत. "तुमच्या सायकलचा मागचा ब्रेक झाला आहे," ते म्हणाले. "साखळीलाही तेल दिलंय. केव्हाही घेऊन जा." मी आभार मानले आणि ते फोन ठेवतील म्हणून थांबले. त्यांनी ठेवला नाही. पलीकडून दुकानातल्या रेडिओचा बारीक आवाज येत होता. मग त्याच सुरात, जणू ब्रेकचंच पुढचं काही सांगत असावेत तसे ते म्हणाले, "आणि बायको आज सकाळी गेली." मी काहीतरी बोलले असेन, आता आठवत नाही. त्यांचं वाक्य मात्र आठवतंय. "ब्रेकचं तिनेच परवा सांगितलं. मधुरा-सानला रोज उतारावरून जावं लागतं, आधी तो कर म्हणाली."

मी रांगेतून बाहेर आले. रस्त्याच्या कडेला आदल्या दिवशीचं बर्फ काळं पडून साचलं होतं. ती जाणार हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, तिला सगळ्यांत आधी माहीत होतं. तरीही माझ्या डोक्यात एवढंच येत राहिलं की शनिवारी तिच्याकडे भाताची पेज घेऊन जायचं ठरलं होतं… तिला मेतकूट घातलेली पेज आवडायला लागली होती.

तिचं नाव सुन लीहुआ. आम्ही तिला सोन-सान म्हणायचो, 'सान' म्हणजे आपलं आदराचं 'जी', आणि 'सोन' अशासाठी की तिच्या आडनावाचं जे चिनी अक्षर आहे ते जपानी लोक 'सोन' असं वाचतात. तेच अक्षर एकटं लिहिलं की जपानीत त्याचा अर्थ होतो नातवंड. त्यामुळे दवाखान्यात, बँकेत नवीन कुणी असलं की हमखास घोटाळा व्हायचा. ओळख झाल्यावर काही दिवसांनी मी तिला सांगितलं, की तुमच्या चिनी उच्चारासारखाच आमच्याकडे एक शब्द आहे, सून, आणि सून म्हणजे मुलाची बायको. ती इतकी हसली की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "म्हणजे चीनमध्ये मी मुलगी, जपानमध्ये नात आणि तुमच्याकडे सून," ती म्हणाली. "एकाच अक्षरात सगळं घर झालं की."

आम्ही सेंदाईला आलो तेव्हा ईरा, आमची मुलगी, काही महिन्यांची होती. निखिल, माझा नवरा, सकाळी विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत गेला की संध्याकाळपर्यंत मी आणि बाळ. मला जपानीतलं 'धन्यवाद' आणि 'माफ करा' एवढंच येत होतं. वॉर्डाच्या केंद्रात शनिवारी सकाळी परदेशी लोकांसाठी जपानीचा मोफत वर्ग चालायचा, तिथे शिकवायला सोन-सान होती. पहिल्याच दिवशी तिने पुस्तक मिटून ठेवलं आणि आम्हा चार-पाच आयांना दुखण्याचे शब्द शिकवले. जपानीत ठसठसणं वेगळं, कळ येणं वेगळं, पोटात बारीक पिळवटणं वेगळं. प्रत्येक शब्दासाठी तिने स्वतःचं पोट, डोकं, दाढ धरून वेडीवाकडी तोंडं केली. "मुलाला डॉक्टरकडे न्याल तेव्हा 'माझं नाव अमुक' याचा काही उपयोग नाही," ती म्हणाली. "कुठे आणि कसं दुखतंय ते आलं पाहिजे." ती माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठी. सुरुवातीला मनातल्या मनात मी तिला 'अहो' म्हणायचे. त्याचं 'अगं' कधी झालं, मला सांगता येणार नाही.

पुढच्या वर्षी, जूनच्या पावसाळी हवेत, एका संध्याकाळी तिचा निरोप आला. "उद्या सकाळी बाळाला घेऊन घरी या. तिघं खाली येताहेत." मला वाटलं, पाहुणे असतील, वरच्या मजल्यावरचे. मी गाजराचा हलवा करून घेऊन गेले. दुकानाच्या वरच त्यांचं घर होतं, दोन खोल्या आणि छोटं स्वयंपाकघर. जाऊन बघते तर पाहुणे कुणीच नाहीत. टेबलावर कॉम्प्युटर उघडा आणि त्यावर एक निळंकरडं आकाश. चीनचे तीन अंतराळवीर, त्यांत एक बाई, दोन आठवडे पृथ्वीभोवती फिरून त्या सकाळी परतत होते. बाईने वरून शाळेतल्या मुलांना धडाही शिकवला होता म्हणे. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी हलव्याचा डबा मांडीवर धरून बसले.

"उड्डाण कुणीही बघतं," सोन-सान म्हणाली. "आग असते, धूर असतो, टाळ्या असतात. उतरताना नुसती वाट बघायची असते. म्हणून मी उतरणंच बघते. एकही चुकवलेलं नाही." मग तिने तोंडावर बोट ठेवलं. आकाशात एक ठिपका दिसला, ठिपक्यावर लाल-पांढरी छत्री उघडली. छत्रीखाली करपलेल्या मडक्यासारखी एक कुपी लोंबकळत होती. ती संथपणे खाली येत राहिली आणि अगदी जमिनीला टेकता टेकता तिच्या तळातून भप्पकन जाळ आणि धूळ उडाली. मी घाबरून ओरडले. "तसंच असतं," ती हळूच म्हणाली. "शेवटचा धक्का कमी व्हावा म्हणून." कडेने गाड्या धावत आल्या, माणसं उतरली, कुपीचं झाकण उघडलं, कुणी आत वाकलं. बराच वेळ काही नाही… आणि मग आतून एक हात बाहेर आला, हलला. सोन-सानने इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला. ईरा खाली टेबलाचा पाय चघळत होती.

माझ्या एक गोष्ट लक्षात आली होती. सगळा वेळ सोन-सान त्या कुपीकडे बघतच नव्हती. तिचे डोळे पडद्याच्या कडांवर होते, धुरळा उडवत येणाऱ्या गाड्यांवर.

"कुणाला शोधत होतीस?" मी विचारलं.

"सवय आहे," ती म्हणाली आणि चहा करायला उठली. त्या दिवशी ती एवढंच बोलली. बाकीचं मला तुकड्यातुकड्यांनी, दोनेक वर्षांत कळलं. कधी हिरोसे नदीच्या काठाने सायकली हातात धरून चालताना, कधी वर्ग सुटल्यावर खुर्च्या एकावर एक रचताना.

तिचं बालपण गोबीच्या वाळवंटात गेलं. चीनची रॉकेटं जिथून उडतात, तिथे काम करणाऱ्या लोकांची वस्ती होती, त्यात. पाणी ठरलेल्या वेळी यायचं, भातात वाळू लागायची आणि ऑक्टोबरात ओढ्याकाठचे पॉप्लर असे पिवळेधमक व्हायचे की शाळेतून घरी यायला मुलांना उशीर व्हायचा. वडील तिथे ट्रक चालवत. पुढे चीनने अंतराळात माणूस पाठवायचं ठरवलं, तेव्हा त्यांना उतरणारं यान शोधणाऱ्या पथकात घेतलं. हे पथक घरापासून फार लांब, चीनच्याच आतल्या मंगोलिया प्रांतातल्या गवताळ माळावर असायचं. विमानातून रिकामी कुपी खाली सोडायची आणि ती कुठे पडली ते शोधत गाड्या पळवायच्या, असा सराव. उन्हात, वाऱ्यात, बर्फात. आधी यानं रिकामी गेली आणि आली. त्यांतल्या काहींत माणसाच्या जागी बाहुला बसवला होता. वडील घरी कामाबद्दल चकार शब्द काढत नसत. "बाहुल्याला आणलं. आता माणसाला आणायचंय." एवढंच एक वाक्य तिने त्यांच्या तोंडून कामाबद्दल ऐकलं होतं.

तोवर ती जपानी शिकून सेंदाईला एम.ए. करायला आली होती. सायकल पंक्चर झाली म्हणून एका दुकानात गेली. दुकानदाराने पंक्चर काढलं, न विचारता घंटीही दुरुस्त केली आणि घंटीचे पैसे घेईना. ती घंटी पुढच्या महिन्यात पुन्हा बिघडली, त्याच्या पुढच्या महिन्यातही. "मीच बिघडवत होते," हे मला सांगताना चाळिशीला टेकलेली बाई लाजली होती. माणसाला घेऊन जाणारं पहिलं चिनी यान ज्या वर्षी उडालं, त्याच वर्षीच्या वसंतात त्यांनी लग्न केलं. घरी फोन करून तिने वडिलांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "तो काय करतो?"

"सायकली दुरुस्त करतो."

"स्वतःच्या हातानं?"

"हो."

"मग ठीक आहे."

त्या ऑक्टोबरात चीनचा पहिला अंतराळवीर पृथ्वीभोवती एक दिवस फिरून सकाळी माळावर उतरला. जपानी बातम्यांत त्याची चित्रफीत पुन्हापुन्हा दाखवत होते. ही नवी नवरी दुकानाच्या वरच्या खोलीत टीव्हीसमोर गुडघे टेकून बसली होती आणि गाड्यांमधून उतरणाऱ्या माणसांत बाबांना शोधत होती. दिसले नाहीत. तिने आईला फोन लावला. "बाबा कुठे होते? मला दिसले नाहीत." आई म्हणाली, "ते आता गोदामात असतात. तंबू, दोरखंड बघतात." "कधीपासून?" "उन्हाळ्यापासून," आई म्हणाली आणि लगेच तिने यंदा कोबी कसा महाग झालाय तो विषय काढला.

कुणी काही म्हणालं नव्हतं. तुझ्या लग्नामुळे झालं असं आई म्हणाली नाही, वडील तर नाहीच नाही. पण मुलीने परदेशी माणसाशी लग्न केलं की अशा कामावरच्या बापाला थोडं बाजूला सरकवतात, हे त्या वस्तीत वाढलेल्या मुलीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. कित्येक वर्षं त्यांनी ज्या सकाळची तयारी केली, ती सकाळ आली तेव्हा ते दोरखंडांच्या खोलीत होते. "मला त्यांनी दोष दिला असता, तर मी माफी तरी मागितली असती," ती मला एकदा म्हणाली. "दोषच दिला नाही. मग माफी कशाची मागू?" त्यानंतर फोनवर बापलेकीचं बोलणं हवामानापुरतं उरलं. तिकडे पाऊस? हो. तिकडे वारा? आहे. मधल्या काळात चीनचे दोघं एकदम वर जाऊन आले, मग तिघं गेले, त्यांतला एक यानाबाहेर येऊन पोकळीत तरंगला, मग पहिली बाई गेली. दर वेळी ते उतरत असताना सोन-सान गाड्यांकडे बघत बसायची. वडील त्यांत नाहीत हे माहीत असून. नंतर तर ते निवृत्तही झाले, तरीही.

सेंदाईच्या मोठ्या भूकंपाच्या वेळी आम्ही अजून आलो नव्हतो. वीज गेली, फोन बंद, किनाऱ्याकडून येणाऱ्या बातम्या ऐकवत नव्हत्या. सोन-सान आणि ओनोदेरा-सान दोघं सुखरूप होते, दुकानाबाहेर बसून रांगेतल्या लोकांच्या सायकली फुकट नीट करून देत होते, कारण गाड्यांना पेट्रोल नव्हतं. पण हे गोबीत कुणाला माहीत? खूप नंतर आईने तिला सांगितलं, की ते सगळे दिवस तुझे बाबा जेवायलासुद्धा उठले नाहीत. कुठून तरी सेंदाईचा नकाशा मिळवला होता आणि जमिनीवर पसरून त्यावर पेन्सिलीने रेघा मारत बसले होते. तुला शोधायला कुठून सुरुवात करायची, पूल पडला असेल तर कुठून वळायचं… मला हे सांगताना ती केयाकीच्या झाडाखाली थांबली आणि तिने सायकल स्टँडवर लावली.

शेवटी एका उन्हाळ्यात वडील सेंदाईला आले. निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली होती, आता परदेशी जायला हरकत नव्हती. उंच, ताठ, उन्हाने रापलेला माणूस. पाठीला पट्टा बांधलेला. पहिले दोन दिवस ते जावयाच्या दुकानात स्टुलावर बसून नुसते बघत होते. तिसऱ्या दिवशी उठून त्यांनी न बोलता एका चाकाच्या तारा ताणायला घेतल्या. ओनोदेरा-सानने बाजूला सरकून जागा करून दिली. दोघांना एकमेकांची भाषा अजिबात येत नव्हती, त्यामुळे दोघांचं उत्तम जमलं. ईरा तेव्हा पाच वर्षांची होती. शाळेतून आली की ती थेट दुकानात पळायची. आजोबा वरच्या खिडकीतून एक रिकामा डबा खाली सोडायचे. डब्याला रुमालाची छत्री, डब्यात कापसात गुंडाळलेलं कच्चं अंडं. ईराने मागच्या गल्लीत तो शोधायचा आणि झाकण उघडून ओरडायचं, "अंडं जिवंत आहे!" हे ती जपानीत ओरडायची, आजोबांना कळायचं नाही, पण ते खिडकीतून दोन्ही हात वर करायचे. जी अंडी फुटायची त्यांचं सोन-सान संध्याकाळी आम्लेट करायची. आमच्याकडे त्या महिन्यात फार अंडी खाल्ली गेली.

ते परत जायच्या आधी मी सगळ्यांना जेवायला बोलावलं. थालीपीठ केलं, लोणी नव्हतं म्हणून बटर. त्यांनी थालीपीठाच्या मधल्या भोकाकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. सोन-सानने भाषांतर केलं, "हे उतरताना पडलं का, म्हणताहेत." सगळे हसलो. आणि मग, हसणं ओसरता ओसरता, ताटातल्या दह्याकडे बघत सोन-सानने त्यांना चिनीत काहीतरी विचारलं. मला एक शब्द कळला नाही, पण तिचा आवाज कळला. वडिलांनी घास खाली ठेवला. थोडं बोलले, आपल्या पाठीवर हात ठेवून दाखवला, पुन्हा घास घेतला. ती उठून स्वयंपाकघरात पाणी आणायला गेली. पाण्याचा जग टेबलावरच होता.

मी मागोमाग गेले. ती बेसिनच्या कडेला धरून उभी होती. "मी विचारलं, त्या वर्षी माझ्यामुळे तुम्हाला गोदामात टाकलं ना," ती म्हणाली. "म्हणाले, वेडी का तू? माझी पाठ गेली होती. माळावर जीप चालवून चालवून मणका सरकला होता, मीच साहेबांकडे बसायचं काम मागून घेतलं. एवढी वर्षं तू हे डोक्यात घेऊन बसलीस?"

"मग बरंच झालं की," मी म्हटलं.

"खोटं बोलताहेत ते," ती म्हणाली. तिने नळ सोडला, बंद केला. "किंवा खरंही असेल. पाठ खरंच दुखते त्यांची… मधुरा, मला आता कळायलाच नको आहे." आणि ती डोळे पुसून बाहेर गेली, वडिलांच्या शेजारी बसली आणि स्वतःच्या ताटातलं अर्धं थालीपीठ तिने त्यांच्या ताटात घातलं. त्यांनी ते मुकाट्याने खाल्लं. त्यानंतर त्यांचे फोन लांबायला लागले. आता बाप लेकीला विचारायचा, तारा ताणायला जावयाने नवी चावी घेतली का.

साथीच्या काळात, सगळ्या सीमा बंद असताना, ते गेले. तिला जाता आलं नाही. फोनच्या पडद्यावर तिने जे काही पाहिलं ते पाहिलं, त्याबद्दल ती बोलली नाही. त्यानंतरच्या सप्टेंबरात चीनचे तिघं नव्या अंतराळस्थानकावर तीन महिने राहून परत आले. या वेळी यान गवताळ माळावर उतरलं नाही. उतरायची जागा बदलली होती, गोबीत, ती लहानाची मोठी झाली त्या वस्तीच्या जवळ. आम्ही मास्क लावून खिडक्या उघड्या टाकून बसलो होतो. छत्री खाली आली, धूळ उडाली, आणि सोन-सान एकदम पुढे वाकली. "ही आमची वाळू आहे," ती म्हणाली. "बघ, ही झुडपं बघ. आम्ही यांच्या काड्या चुलीत घालायचो." त्या दिवशी पहिल्यांदा तिने गाड्यांकडे पाहिलं नाही.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात तिचं दुखणं समजलं. तोवर ते स्वादुपिंडातून पुढे सरकलं होतं. डॉक्टरांना काय सांगितलंस, मी विचारलं, तर तिने मला पहिल्या दिवशी शिकवलेला तो पिळवटण्याचा शब्द उच्चारला आणि म्हणाली, "शब्द चुकीचा वापरत होते. त्याच्या पुढचा वापरायला हवा होता." दवाखान्यात काही आठवडे काढून तिने घरी यायचं ठरवलं. दुकानाच्या वरच्या खोलीत भाड्याने आणलेला पलंग लागला, सकाळ-संध्याकाळ नर्स यायला लागली. ओनोदेरा-सान खाली काम करायचे आणि जिन्यात एक सायकलची घंटी लावून ठेवली होती, तिच्या उशाशी दोरी. तिने एकदा वाजवली की ते हात पुसत वर.

नोव्हेंबरात तीन अंतराळवीर सहा महिने राहून परत यायचे होते. आदल्या दिवशी बातमी आली की परतणं पुढे ढकललं आहे. अवकाशातला कसलासा बारीक कचरा त्यांच्या यानावर आदळला असावा, काचेला चीर गेली असावी. वर अडकले होते असं म्हणता येणार नाही, स्थानकावर जागा होती, अन्न होतं, पण घरी न्यायचं यानच भरवशाचं राहिलं नव्हतं. सोन-सानला त्या दिवसांत घोटभर पाणीही जड जात होतं. मी गेले की माझ्या हातातल्या डब्याकडे न बघता विचारायची, "काही कळलं?" निखिल मला म्हणाला, तिला हे नको सांगत जाऊस, उगाच ताण. पण सांगितलं नसतं तर तिने दोरी ओढून ओढून ओनोदेरा-सानला बेजार केलं असतं. ती मला समजावून सांगायची, तुटक आवाजात, थांबत थांबत. घाई करणार नाहीत. नुकतेच दुसरे तिघं वर गेलेत, त्यांचं यान चांगलं आहे, त्यातून यांना आणतील. मग वर राहिलेल्यांसाठी खालून रिकामं यान पाठवतील. "बाबा म्हणायचे, ज्याला शोधायचंय तो उशिरा आला तरी चालतं," ती म्हणाली. मग लगेच, "नाही, हे मीच म्हणतेय. बाबा काही म्हणायचे नाहीत."

तसंच झालं. दुसऱ्या यानातून ते निघाले तेव्हा आमच्याकडे अंधार पडायला लागला होता. मी ऑफिसमधून लवकर निघाले, ईरा शाळेच्या गणवेशातच आली. ईरा आता तेरा वर्षांची आहे, माझ्याशी मराठीत दोन शब्दांपलीकडे जात नाही, विचारलं त्याचं उत्तर जपानीत देते. आम्ही फोन पाण्याच्या जगला टेकवून ठेवला. ओनोदेरा-सान दुकान बंद करून वर आले आणि प्रथमच, इतक्या वर्षांत प्रथमच, आमच्याबरोबर बसले. सोन-सानने थोडं पाहिलं आणि डोळे मिटले. "मला दिसत नाही नीट," ती म्हणाली. "ईरा-चान, तू सांग."

ईराने माझ्याकडे पाहिलं. मग पलंगाच्या कडेवर टेकून तिने सांगायला सुरुवात केली. आधी अडखळत, मग न थांबता. छत्री उघडली. लाल आणि पांढरी. फिरतेय थोडी. आता खाली वाळू दिसतेय. ऊन आहे अजून तिकडे. आता धूर… उतरलं. उतरलं, सोन-सान! गाड्या येताहेत. एक, मागे आणखी. माणसं पळताहेत. दार उघडलं. कुणीतरी आत वाकलंय. अजून नाही… अजून नाही… हात! हात आला! हलवतोय!

"तिघंही?" सोन-सानने डोळे न उघडता विचारलं.

"थांबा," ईरा म्हणाली. आणि आम्ही सगळे थांबलो. एकेकाला खुर्चीत बसवून बाहेर आणत होते, अंगावर पांघरूण घालत होते. तिसरा बाहेर आला तेव्हा ईराने "तिघंही" म्हटलं आणि तिला रडू आलं. तेरा वर्षांच्या मुलीला आपण का रडतोय ते कळत नव्हतं, म्हणून ती रागाने गाल पुसत होती. सोन-सानने हात लांब करून तिच्या गुडघ्यावर ठेवला. "छान सांगितलंस," ती म्हणाली. "मी उगाच इतकी वर्षं बघत बसले." ओनोदेरा-सान उठले, खिडकी उघडून पुन्हा लावली आणि खाली दिवा राहिलाय असं काहीतरी पुटपुटत जिन्याने गेले.

त्यानंतर ती दोन महिन्यांहून जास्त होती. नव्या वर्षाचे मोची, म्हणजे तांदळाचे मऊ गोळे, तिने नुसते पाहिले. पण वर्गातल्या बायका यायच्या, तेव्हा त्यांची व्याकरणाची चूक ती पडल्यापडल्या दुरुस्त करायची. जानेवारीत, पन्नाशी गाठायच्या आत, एका सकाळी ती गेली. घंटीची दोरी तिने ओढली नाही. ओनोदेरा-सान चहा घेऊन वर गेले तेव्हा त्यांना कळलं.

इथे मृत्यूनंतर एकोणपन्नासाव्या दिवशी करतात तो विधी झाला, त्याच्या पुढच्या रविवारी मी दुकानात गेले. सायकल केव्हाच घेऊन आले होते, नुसतीच गेले. शटर अर्धं वर होतं. ओनोदेरा-सान मला वर घेऊन गेले. पलंग परत गेला होता, चटयांवर त्याच्या पायांचे चार खळगे राहिले होते. भिंतीशी अस्थींचं पांढरं कापडात बांधलेलं पात्र होतं आणि शेजारी, वेगळं, मुठीएवढं आणखी एक. त्याच्यापुढे एक नवाकोरा पासपोर्ट ठेवला होता.

"मे महिन्यात जाणार आहे," ते म्हणाले. "तिची आई आहे तिकडे. तिच्या वडिलांशेजारी थोड्या अस्थी ठेवायच्या." साठी ओलांडलेला हा माणूस कधी जपानबाहेर गेलेला नाही. विमानातसुद्धा बसलेला नाही. ते पासपोर्ट उघडून आपलाच फोटो बघत होते. "मधुरा-सान, विमान उतरताना कान दुखतात म्हणे?"

"थोडे," मी म्हटलं. "गोळी चघळायची. नाहीतर जांभई द्यायची."

त्यांनी मान हलवली, हे लक्षात ठेवायला हवं अशी. मग म्हणाले, सासूबाईंना जपानी येत नाही. पहिलं वाक्य तरी त्यांच्या भाषेत बोलायला हवं. दुकानात सायकल घेऊन येणाऱ्या एका चिनी विद्यार्थ्याकडून त्यांनी ते लिहून घेतलं होतं, खाली जपानी अक्षरांत उच्चार. 'मी तिला घरी घेऊन आलो आहे.' आठवडाभर ते पाठ करत होते. त्यांनी घसा साफ केला, गुडघ्यांवर हात ठेवले, पाठ ताठ केली आणि त्या लहान पात्राकडे बघत, इथल्या तोहोकू भागाच्या पक्क्या बोलीढंगात, ते वाक्य म्हटलं. चिनीत सूर चुकला की शब्दाचा अर्थ बदलतो, हे मला तिच्यामुळेच माहीत होतं.

"बरोबर आलं का?" त्यांनी विचारलं.

मला चिनी येत नाही. त्यांनाही येत नाही. चूक की बरोबर, ते सांगू शकणारी त्या खोलीत एकटीच होती. मग त्यांनी पुन्हा घसा साफ केला आणि या वेळी जरा सावकाश, एकेक शब्द सुटा करत, ते वाक्य पुन्हा म्हटलं.